खिडकीकडे बघा

“खिडकीकडे बघा,” फैयाज म्हणाला, आणि आम्ही तिघं निमूट खिडकीकडे वळलो.

बघण्यासारखं म्हणाल तर बाहेर एक बुचाचं झाड होतं, त्याखाली पांढऱ्या फुलांचा सडा आणि कुंपणाच्या भिंतीवर अंग चाटत बसलेलं मांजर. गौरी-गणपती नुकतेच गेले होते. कोल्हापुरात त्या दिवसांत पाऊस येतो-जातो तसं ऊनही येतं-जातं, आणि त्या उन्हाला कसली म्हणून घाई नसते. आमच्या पाठीमागे कुमुदताई डाव्या हाताच्या एका बोटानं कीबोर्डवर कळ शोधत होत्या. टक्. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक्.

हा नियम त्यांचाच. कुणी पासवर्ड टाकायला बसलं की खोलीतल्या बाकीच्यांनी पाठ फिरवून खिडकीकडे बघायचं. त्यात लहान-मोठा असा भेद नव्हता. एकदा दिल्लीहून आलेल्या एका बड्या पाहुण्यालाही त्यांनी “सर, खिडकी” म्हणून वळवलं होतं, आणि तो बिचारा चहाचा कप हातात धरून मांजर बघत उभा राहिला होता. पासवर्ड कुठे लिहायचा नाही, स्क्रिप्टमध्ये तर नाहीच नाही. हातानं टाकायचा, काम झालं की फेकून द्यायचा. आणि घरच्यांची नावं ठेवली तर याद राखा. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या भाचीचं नाव ठेवलं होतं. ताईंनी ते दोन दिवसांत ओळखलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “चौगुले, तुमची भाची गोड आहे, पण तिला दारावर राखण करायला बसवू नका.” मी आठवडाभर फुगून बसले होते.

आमची संस्था जंगलाचे आवाज गोळा करायची. घाटमाथ्यावर ठिकठिकाणी झाडांखाली पत्र्याच्या पेट्या, पेटीत छोटा कॉम्प्युटर, वर माइक आणि सूर्यावर चालणारी बॅटरी. त्या पेट्यांना आम्ही कान म्हणायचो. ओढ्याचा कान, कातळसड्यावरचा कान, देवराईचा कान. रात्रंदिवस ते ऐकत बसायचे आणि ऐकलेलं स्वतःपाशीच साठवून ठेवायचे, कारण तिथून कोल्हापूरपर्यंतची लाइन म्हणजे उन्हाळ्यातला नळ. तिच्यातून हुकूम जायचा, थोडा आवाज यायचा, पण वर्षांचा साठा येणं शक्य नव्हतं. मी आणि फैयाज मुजावर इथे बसून स्क्रिप्ट लिहायचो. ती लांबच्या कॉम्प्युटरवर जाऊन चालायची आणि आम्ही सांगू ते करायची. दुर्मीळ पाखरांची घरटी नेमकी कुठे आहेत हे त्या आवाजांवरून कुणालाही कळलं असतं, म्हणून सगळ्या साठ्यावर एकच कुलूप होतं. कुमुद खानविलकर या नावाचं आणि त्यांच्या पासवर्डचं.

आणि त्या वर्षी माघात कुमुदताईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, पण बाहेर यायची वाट मोडली आहे. लिहायला दिलं तरी रेघोट्याच. एवढ्या बोलघेवड्या बाईजवळ एकच शब्द उरला, “बरं.” भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं, नको असलं तरी बरं. फक्त सूर बदलायचा. आम्हाला त्या सुरावरूनच ओळखायची सवय झाली.

ते कान आमच्या मालकीचे नव्हते. एका कंपनीनं ते वापरायला दिले होते, आणि त्या कराराची मुदत त्या दिवशी संध्याकाळी सहाला संपत होती. सहा वाजता कंपनी तिकडून सगळे कॉम्प्युटर पुसून कोरे करणार होती. मुदत वाढवा म्हणून मी पत्रं पाठवली, फोन केले, एकदा तर फोनवर रडलेसुद्धा, मला त्याची लाज नाही. निदान पासवर्ड तरी बदलून द्या म्हटलं, तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, “खातेदारानं स्वतः फोनवर बोलून विनंती केली पाहिजे, मॅडम.” आता ज्या बाईचं बोलणंच गेलंय तिला कुठून बोलतं करायचं?

मग एकच मार्ग राहिला. घाटाच्या तोंडाशी आमचा स्वतःचा साठवणीचा कॉम्प्युटर होता, त्यालाही तेच कुलूप. कानांपासून तिथपर्यंतची वाट रुंद होती. ताईंच्या नावानं आधी कानात शिरायचं, आणि तिथूनच सगळा साठा त्या कॉम्प्युटरकडे ढकलायचा. त्यासाठी ताईंनी पासवर्ड टाकायला हवा होता. बोलता येत नसलं तरी बोटांना कळांच्या जागा आठवतील, अशी फैयाजची अटकळ होती. म्हणून ताईंचे यजमान, खानविलकर काका, त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आले होते.

टक्. आणि मग “बरं.”

आम्ही वळलो. फैयाजनं एंटर दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग स्पीकरमधून देवराई आत आली.

ते कसं सांगू? कानात लॉगिन झालं की तिथला चालू आवाज आपोआप इथे लागायचा, तशी ताईंनीच सोय केली होती. आठ महिने आम्ही तो ऐकला नव्हता. आधी पानांवरून निथळणारं पाणी. मग लांब कुठेतरी ओढा. मग शीळकरी कस्तूर सुरू झाला, कुणीतरी उगाच भटकता भटकता शीळ घालावी तसा, सूर धरायचा, मध्येच सोडायचा, पुन्हा दुसरीकडूनच उचलायचा. खोलीतली टेबलं, वायरी, कॅलेंडर, सगळं जरा मागे सरकल्यासारखं झालं. बुचाच्या फुलांचा वास येत होता आणि मला वाटलं तोही स्पीकरमधूनच येतोय. ताईंनी डोळे मिटले. काकांनी त्यांच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली.

“मॅडम,” फैयाज हळू आवाजात म्हणाला. “घोळ झालाय.”

पडद्यावर तांबडी ओळ होती. देवराईच्या कानात आम्ही पोचलो होतो, पण तिथून पुढे साठवणीच्या कॉम्प्युटरनं दार उघडलं नव्हतं. पासवर्ड चुकीचा, असं तो म्हणत होता.

“चुकीचा कसा? पहिलं दार उघडलं ना त्याच पासवर्डानं?”

फैयाजनं कपाळाला हात लावला. “पासवर्ड पोचलाच नाही. नाव पोचलं, पासवर्ड इथेच राहिला.”

काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना यातलं काही कळेना. मी त्यांना समजावलं. “काका, असं समजा, फैयाजनं डबा भरला, झाकण लावलं, आणि डबा ओट्यावरच राहिला. स्क्रिप्ट एसटीत बसून देवराईला गेली. तिथे तिला विचारलं, डबा कुठाय? तिच्याकडे काय असणार? या खोलीत आपण काय हातात धरलंय हे तिथल्या कॉम्प्युटरला दिसत नाही. बरोबर बांधून द्यावं लागतं.”

“मग आता द्या की बांधून.”

“टाकून दिला,” फैयाज म्हणाला. “वापरून झाला की लगेच फेकायचा, तसंच लिहिलंय. ताईंचाच नियम.”

आम्ही तिघांनी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, “बरं.” त्या सुरात इतका वैताग होता की फैयाजला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं.

तसं हसण्यासारखं काही नव्हतं. तीनदा चुकलं की खातं दिवसभरासाठी बंद पडणार, आणि दिवस तर संध्याकाळी सहालाच संपत होता. एक संधी गेली होती. फैयाज स्क्रिप्ट दुरुस्त करायला बसला. मी आणि काका व्हरांड्यात चहा घेत उभे राहिलो. दार उघडंच होतं, आतला कस्तूर बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

“रोहिणी,” काका म्हणाले, “त्या साठ्यात पाखरांशिवाय आणखी काही असतं का?”

“म्हणजे?”

“पेट्या तपासायला जायची ती. महिन्या-महिन्याला. मीच गाडी चालवायचो. पेटी उघडली, की ती बडबड करायची. ते राहत असेल ना त्यात?”

“राहतंच, काका. आम्ही इथे निवडून घेताना माणसांचे आवाज कापतो. पण तिथे मूळ साठ्यात सगळं असतं.”

ते कपातल्या चहाकडे बघत राहिले. “घरात आमच्याकडे तिचा आवाज नाही गं. एक तुकडा नाही. जगाचे आवाज भरून ठेवले तिनं, आणि तिचा भरून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. लग्नकार्यातले व्हिडिओ बघितले, त्यात नुसतं बँजो.” मग म्हणाले, “घरात ती मला चारचौघींसारखं अहो म्हणायची. पण तिकडे रानात, आम्ही दोघंच असलो की, दुसरंच काहीतरी म्हणायची. लग्न झाल्यापासून. तो शब्द मला ठाऊक आहे. पण तिच्या आवाजात तो कानाशी आणायला जातो, आणि येत नाही. गेल्या महिन्यापर्यंत यायचा.”

मी आपली “चहा गार होतोय काका” एवढंच म्हणाले. पण आतून मला भडभडून आलं. तोवर मी पाखरांसाठी धडपडत होते. आता तसं उरलं नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही पुन्हा खिडकीकडे वळलो. मांजर उठून गेलं होतं. ऊन झाडावरून भिंतीवर आलं होतं, आणि मागे देवराई चालूच होती. टक्, आणि मग पाणी. टक्, आणि मग वाऱ्याची एक झुळूक, ती पानापानांतून येते तशी आधी लांबून ऐकू यायची आणि मग जवळून. मला आठवतंय, मी डोळे मिटले आणि मला वाटलं मी तिथेच उभी आहे, पायाखाली ओला पाचोळा आहे, आणि ताई पेटीपाशी बसून काहीतरी खुडबूड करतायत. मग ताईंचा श्वास ऐकू आला. त्या दमल्या होत्या. टक्, टक्. दुसरी कळ नको तेव्हा लागली, हे पाठमोऱ्या मलाही कळलं.

आम्ही वळलो, पण फैयाजनं एंटर दाबलं नाही. त्यानं विचारलं, “ताई, खात्री आहे ना?”

“बरं,” ताई म्हणाल्या, आणि त्यांनीच बोट पुढे करून एंटर दाबलं. पहिल्यापासून तशाच हट्टी. पडद्यावर तांबडी ओळ आली. या खेपेला पहिलं दारही उघडलं नाही, आणि देवराई गप्प झाली.

खोली एकदम लहान वाटायला लागली. ताईंचा डावा हात मांडीवर थरथरत होता. काकांनी तो आपल्या हातात घेतला.

“पुरे आता,” ते म्हणाले. “घरी नेतो तिला. जाऊ दे. काय राहायचं ते राहील.”

“काका, एक संधी आहे.”

“तिच्या हाताकडे बघ, रोहिणी.”

मी बघितलं. मग खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसले. “ताई, तुमचा हात थकलाय. मी दाबते कळा. तुम्ही फक्त दाखवा.”

त्यांनी मान हलवली. नाही.

“ताई, मी कुणाला सांगणार नाही. तुम्हाला माहीत आहे.”

“बरं.” हा बरं म्हणजे ठाम नकार. आयुष्यभर त्यांनी आपला पासवर्ड कुणाला दिला नव्हता, नवऱ्यालाही नाही. काका तर पासवर्ड म्हटलं की सवयीनं पाठ फिरवणारे. मी हरले आणि उठले. पाच वाजून गेले होते. ताईंना शेवटचा प्रयत्न स्वतःच करायचा होता, तर करू दे. फैयाज म्हणाला, “खिडकीकडे बघा,” पण त्याच्या आवाजातच दम नव्हता. आम्ही वळलो.

टक् आलंच नाही. मी बुचाच्या झाडाकडे बघत राहिले. एक फूल गिरक्या घेत घेत खाली आलं. मग दुसरं. इतका वेळ गेला की मला वाटलं ताईंना झोप लागली. आणि मग माझी ओढणी मागून ओढली गेली.

मी आधी हललेच नाही. नियम अंगात इतका मुरलेला. पुन्हा ओढली, या वेळी जोरात. मी वळले. ताईंनी आपलं बोट आधी माझ्या डोळ्यांकडे नेलं, मग कीबोर्डकडे.

“मी बघू?”

“बरं,” त्या अगदी हळू म्हणाल्या. फैयाजची मान जराशी हलली. ताईंनी तिकडे असं काही पाहिलं की त्याला पाठीतून कळलं असावं. तो आणि काका खांद्याला खांदा लावून खिडकीबाहेर बघत राहिले.

ताई एकेका कळेवर बोट नुसतं टेकवत होत्या. मी त्या कळेवर दाबत होते. पहिली कळ, दुसरी, तिसरी. चौथ्या कळेपर्यंत मला शब्द कळला होता.

तो पासवर्ड एक नाव होतं. माणसाला मारायची हाक. शाळेच्या रजिस्टरात कधी लागणार नाही असलं, कुणा एकीनंच कुणा एकासाठी बनवलेलं नाव. मागे एक आकडा होता, त्याचा अर्थ मला आजही माहीत नाही. मी दाबायची थांबले आणि ताईंकडे पाहिलं. माझ्या भाचीवरून मला सगळ्यांदेखत बोलणारी ती बाई, आणि तिनं स्वतः बारा वर्षं दारावर राखण करायला कुणाला बसवलं होतं? ताई चोरी पकडल्यासारख्या दिसत होत्या. वाकडं झालेलं तोंड एका बाजूनं हसत होतं. त्यांनी बोट ओठावर ठेवलं. मी मान डोलावली. माझे डोळे भरून आले होते, पण ती शेवटची संधी होती, म्हणून मी ओढणीनं नीट पुसले आणि मगच राहिलेल्या कळा दाबल्या.

“फैयाज, डबा बांधलास ना या वेळी?”

“बांधलाय,” तो खिडकीकडे बघतच म्हणाला.

मी एंटर दाबलं. देवराई परत आली, तेच पाणी, तोच ओढा. मग पडद्यावर हिरवी ओळ. साठवणीच्या दारानं नाव विचारलं, पासवर्ड विचारला, आणि या खेपेला स्क्रिप्टजवळ दोन्ही होतं. दार उघडलं. एकामागून एक कानांची नावं येत गेली, ओढा, सडा, आणि बाकीचे सगळे. साठा वाहायला लागला. फैयाज खुर्चीत असा बसला की जणू घाट चढून आलाय.

“पोचतंय का ते ऐकून बघतो,” तो म्हणाला. “देवराईचं जुनं काहीतरी लावतो. थोडंसंच.”

त्यानं साठ्यातला एक तुकडा उचलला, कुठलातरी जुना पावसाळा, आणि स्पीकरवर लावला. पाऊस होता. पत्र्याच्या पेटीवर पडणारा, ताडताड. बेडूक. मग पेटीची कडी काढल्याचा आवाज. आणि मग कुमुदताई बोलल्या.

त्यांचा तो आवाज मी विसरले होते हे मला तो ऐकल्यावर कळलं. जरा घोगरा, घाईतला, शब्दांच्या शेवटी हेल काढणारा. त्यांनी आधी ते नाव घेतलं, मी आत्ताच बोटांनी टाइप केलेलं, आणि मग म्हणाल्या, “छत्री इकडे धरा की जरा. तुम्ही माझ्यावर धरताय. मी भिजले तर चालेल, यंत्र भिजायला नको.”

खुर्चीतल्या ताईंचे ओठ हलले, त्याच शब्दांच्या मापात, आवाजाशिवाय. काका ताईंच्या खुर्चीमागे येऊन उभे होते, पाठ खिडकीकडे, तोंड स्पीकरकडे. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला आणि हवेत मूठ वळली, काहीतरी धरल्यासारखी, आणि ती मूठ हळूच जराशी डावीकडे सरकली.

“धरली गं,” ते म्हणाले.

“बरं,” खुर्चीतून ताई म्हणाल्या.

स्पीकरमध्ये पाऊस पडतच होता. फैयाजनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. आम्ही दोघं उठलो, आणि पाठ फिरवून खिडकीकडे बघत उभे राहिलो.

यालाही आता खूप वर्षं झाली. ताई आणि काका, दोघंही आता नाहीत. तो साठा मात्र आहे, आणि तो अजून कुमुद खानविलकर या नावानंच उघडतो. माझ्या हाताखाली आता नवी पोरं आहेत, हुशार, जरा आगाऊ. ती विचारतात, मॅडम, पासवर्ड बदलून टाका ना, सोपं पडेल. मी म्हणते, बघू.

आणि कीबोर्ड जवळ ओढून त्यांना सांगते, खिडकीकडे बघा.